स्वातंत्र्य घ्या, पण शेजारचं

हल्ला झाला की पहिल्या बारा तासांत प्रत्येक सोसायटीत किमान दोन संरक्षणतज्ज्ञ उगवतात. एक बँकेतून निवृत्त झालेला असतो, दुसरा सेक्रेटरीपदावरून कधीच निवृत्त होत नाही. पहिला म्हणतो, "आधी गोळी घाला, मग चौकशी करा." दुसरा म्हणतो, "मानवाधिकारवाल्यांना आधी आत टाका." इस्रायलला कधीही न गेलेला तिसरा एक जण इस्रायलमध्ये काय करतात ते सांगतो. रात्रीच्या जेवणापर्यंत ठराव पास: थोडं स्वातंत्र्य गेलं तरी चालेल, पण सुरक्षा पाहिजे.

या त्यागानं ऊर भरून येतो. जरा जवळून पाहिलं की मात्र लक्षात येतं, दान केलेली वस्तू दात्याची नाहीच. हेच गृहस्थ नाकाबंदीत हवालदारानं डिकी उघडायला लावली की थेट आयुक्तांच्या मेहुण्याची ओळख काढतात. विमानतळावर पट्टा काढायला लावला तर त्यांचा मूलभूत हक्क कंबरेपासून दुखावतो. फोन टॅप झालेला त्यांना चालतो, दुसऱ्याचा. आरोपपत्राविना ९० ऐवजी १८० दिवस कोठडी चालते, मालेगावच्या, मुंब्र्याच्या नाहीतर गडचिरोलीच्या कुणाची. आपल्या बंड्याला मारामारीत रात्रभर चौकीवर बसवलं तर सकाळी अख्खी सोसायटी पोलीस राज्याच्या विरोधात उभी राहते.

संजय दत्त आठवा. १९९३ च्या बॉम्बस्फोटांत २५७ माणसं गेली, आणि त्या खटल्यातला हा आरोपी घरात एके-५६ बाळगून होता. टाडातून तो सुटला, शस्त्रास्त्र कायद्याखालची शिक्षा सर्वोच्च न्यायालयानं सहा वर्षांवरून पाचवर आणून कायम केली. तेव्हा हाच मध्यमवर्ग काय म्हणत होता? पोरगा वाट चुकला, आई गेलेली, वडील किती सज्जन. टाडा फारच कडक कायदा आहे, असा शोध अनेकांना त्या एका फाईलपुरता लागला. त्याच कायद्याखाली देशभरात पाऊण लाखाच्या आसपास माणसं पकडली गेली होती आणि शिक्षा झालेल्यांचं प्रमाण शेकड्यात एक-दोनच होतं, हे त्या गप्पांत कुणी काढलं नाही. त्यांच्यातल्या कुणी 'सडक'मध्ये काम केलेलं नव्हतं.

आता २००८. दहा जण 'कुबेर' ट्रॉलरवरून आले आणि रबरी होडीनं कफ परेडच्या मच्छीमार नगरात उतरले. १६६ माणसं गेली. सीएसटीवरच्या पोलिसांकडे लाठ्या आणि जुन्या थ्री-नॉट-थ्री रायफली होत्या. पुढं प्रधान समितीच्या अहवालातून कळलं की नेमबाजीच्या सरावाला पुरेशी काडतुसंही मिळत नव्हती. तुकाराम ओंबळ्यांच्या हाती लाठीच होती. त्यांनी कसाबच्या एके-४७ ची नळी धरली.

यावर उपाय काय झाला? कायदा. राष्ट्रीय तपास संस्था (एनआयए) स्थापन करणारा एक आणि दहशतवादविरोधी यूएपीएला धार लावणारा दुसरा, १८ डिसेंबरपर्यंत दोन्ही सभागृहांतून मंजूर. हल्ल्यापासून २२ दिवस. मुंबईभर कॅमेरे बसवायची गरजही त्याच हल्ल्यानं पटवली. टेंडरं निघाली, फसली, पुन्हा निघाली आणि साडेचार हजारांहून अधिक कॅमेऱ्यांचं जाळं पुरं झालं ते २०१६ मध्ये. कायदा २२ दिवसांत, कॅमेरा आठ वर्षांत. कॅमेऱ्याला पैसे लागतात, वायर लागते, खड्डा खणायला महापालिकेची परवानगी लागते. कायद्याला सभागृहात 'होय' म्हटलं की भागतं.

आपल्या पातळीवरची सुरक्षाही पाहून घ्या. मॉलच्या दारात रखवालदार डिकी उघडतो, स्टेपनीला नमस्कार केल्यासारखा वाकतो आणि बंद करतो. गाडीखाली आरसा फिरवणाऱ्याची नजर मागच्या गाडीवर असते. स्टेशनवरच्या मेटल डिटेक्टरची कमान प्रत्येक डब्याला, छत्रीला आणि किल्लीला ओरडते, आणि तिच्याकडे वळून बघणारा माणूस बाहेरगावचा असतो. कामवाल्या बाईंची पोलीस पडताळणी सक्तीची. दुप्पट डिपॉझिट देणाऱ्या भाडेकरूची मात्र 'करून घेऊ सवडीनं'.

बिर्याणीबद्दल न बोलता पुढं जाणं अशक्य आहे. 'कसाबला बिर्याणी चारतात' हा या देशात नागरी हक्कांविरुद्धचा सर्वांत यशस्वी युक्तिवाद. घटनेचं २१ वं कलम, आरोपीचा वकील, अपिलाचा हक्क, सगळं एका प्लेटीपुढं हरलं. २०१५ मध्ये सरकारी वकील उज्ज्वल निकम यांनी जयपूरला स्वतःच सांगून टाकलं की कसाबनं बिर्याणी मागितलीच नव्हती. त्याच्याविषयी कणव वाटायला लागली होती, ती लाट मोडायला ते आपणच रचलं. देशानं तोवर ती बिर्याणी सहा वर्षं चघळली होती. निकम आता राज्यसभेत आहेत. तिथं काय मिळतं ते तेच सांगोत.

पण त्या खटल्यात बिर्याणी खोटी असली तरी पुरावा खरा होता. ओंबळ्यांनी जिवंत पकडून दिलेला आरोपी, सीएसटीवर सेबॅस्टियन डिसूझांनी काढलेली छायाचित्रं, कॅमेऱ्यांतलं चित्रण, डोळ्यांनी पाहिलेले साक्षीदार, आणि कबुलीजबाब घेतला तोही मॅजिस्ट्रेटसमोर. न्यायाधीश ताहिलियानींनी मे २०१० मध्ये फाशी सुनावली आणि त्याच निकालात दोन भारतीय सहआरोपींना पुरावा अपुरा म्हणून सोडलं. ती सुटका सर्वोच्च न्यायालयापर्यंत टिकली. २१ नोव्हेंबर २०१२ ला येरवड्यात कसाबला फाशी झाली. हल्ल्यापासून चार वर्षांच्या आत. वकील दिला, अपील दिलं, दयेचा अर्जसुद्धा करू दिला. देश जागेवर आहे.

त्याच शहरातला दुसरा खटला बघा. ११ जुलै २००६, संध्याकाळची गर्दी, पश्चिम रेल्वेच्या लोकलमध्ये ११ मिनिटांत सात स्फोट, तेही पहिल्या वर्गाच्या डब्यांत. १८० हून जास्त माणसं गेली, ८०० हून जास्त जखमी. दुसऱ्या दिवशी लोक पुन्हा त्याच गाडीला लटकले आणि आपण त्याला 'मुंबई स्पिरिट' म्हणालो, कारण 'सुट्टी मिळाली नाही' हे मथळ्यात शोभत नाही. एटीएसनं काही महिन्यांत १३ जणांवर आरोपपत्र ठेवलं. मोक्का लावला. मोक्काची खासियत अशी की पोलीस उपायुक्तापुढं दिलेला कबुलीजबाब पुरावा म्हणून चालतो, साध्या कायद्यात चालत नाही. २००८ मध्ये मुंबईच्याच गुन्हे शाखेनं वेगळीच टोळी पकडली आणि तिच्यातल्या एकानं हे स्फोट आम्ही केले, असं सांगितल्याचं बाहेर आलं. म्हणजे एकाच शहरात, एकाच स्फोटांचे, एकाच पोलीस दलाकडे आरोपींचे दोन संच. त्यावर कुणाची झोप उडाली नाही. २०१५ मध्ये विशेष न्यायालयानं १२ जणांना दोषी ठरवलं. पाच फाशी, सात जन्मठेप. तेरावा सुटला, नऊ वर्षं आत काढून.

२१ जुलै २०२५ ला मुंबई उच्च न्यायालयानं उरलेले बाराही सोडले. बारापैकी एक नागपूरच्या तुरुंगात कोरोनानं आधीच सुटला होता. निकालपत्रात काय आहे? कबुलीजबाबांतले उतारेच्या उतारे एकमेकांशी जुळतात. दहावीच्या पर्यवेक्षकानं एवढ्यावर दोघांचे पेपर काढून घेतले असते. टॅक्सीवाल्यांनी आरोपींचे चेहरे ओळखले ते १०० हून अधिक दिवसांनी. मुंबईचा टॅक्सीवाला मीटर सोडून गिऱ्हाइकाचं काहीही लक्षात ठेवत नाही, हे कुर्ल्याचं शेंबडं पोरही सांगेल. आणि स्फोटांत कोणत्या प्रकारचा बॉम्ब वापरला, हेसुद्धा सरकार पक्षाला सिद्ध करता आलेलं नाही. न्यायालयानं सुरुवातीलाच म्हटलंय की गुन्हा सुटल्याचा देखावा केला की लोकांना खोटा दिलासा मिळतो आणि खरा धोका मोकळाच राहतो. प्रकरण अजून सर्वोच्च न्यायालयात आहे. त्यानं या निकालाचा दाखला इतर खटल्यांत देऊ नये असं सांगितलं, पण माणसांना परत आत बोलावलं नाही.

हा 'खोटा दिलासा' मला चर्चेत कुठंच दिसत नाही. चर्चा कायम एकाच साच्यातली: एकीकडे सुरक्षा, दुसरीकडे स्वातंत्र्य, आणि मध्ये अँकर. एकाला कमी केलं की दुसरी वाढते, असं गृहीत धरलेलं. लोकल स्फोटांच्या, म्हणजे ७/११ च्या खटल्यात ११ जणांचं स्वातंत्र्य १९ वर्षं पूर्ण कापलं, बाराव्याचं मरेपर्यंत. सुरक्षा किती वाढली? हे बारा जण निर्दोष असतील तर खरे बॉम्बवाले त्या १९ वर्षांत कुठं होते? कदाचित विरारला असतील. कदाचित दरवर्षी ११ जुलैला टीव्हीवर आपली श्रद्धांजली बघत असतील. कडक कायद्यानं त्यांना हात लावला नाही, उलट त्यांच्या जागी दुसरे बसवून त्यांची सोय केली. एवढं संरक्षण झेड प्लसमध्येही मिळत नाही.

त्या निकालानंतर दहा दिवसांनी, ३१ जुलैला, विशेष न्यायालयानं २००८ च्या मालेगाव स्फोटातले सातही आरोपी सोडले. साध्वी प्रज्ञासिंह आणि कर्नल पुरोहित त्यांत होते. इथंही सहा माणसं मेली होती, इथंही आरंभीचा तपास एटीएसचा, मोक्का लावलेला आणि नंतर काढलेला. इथंही संशय होता, पुरावा नव्हता. या दहा दिवसांत महाराष्ट्रानं बाजू बदलण्याचा जो वेग दाखवला, तो शटल सर्व्हिसला जमत नाही. २१ तारखेला ज्यांना 'धक्कादायक निकाल' वाटला आणि जे तातडीनं दिल्लीला धावले, त्यांना ३१ ला न्यायदेवतेचा अभिमान वाटला. २१ ला ज्यांनी 'उशिरा का होईना, न्याय' म्हणून पेढे घेतले, ते ३१ ला 'मग बॉम्ब काय आपोआप फुटला?' विचारू लागले. प्रश्न रास्तच होता. दहा दिवस आधीही तो तितकाच रास्त होता.

पक्षांची गोष्ट थोडक्यात, कारण ती एकाच ओळीची आहे: विरोधात असताना काळा कायदा, सत्तेत असताना काळाची गरज. आणीबाणीत मिसाखाली तुरुंगात गेलेल्यांनी सत्तेत आल्यावर पोटा आणला आणि २००२ मध्ये संसदेची संयुक्त बैठक बोलावून मंजूर केला. पोटाला विरोध करणाऱ्या काँग्रेसनं २००४ मध्ये तो रद्द केला आणि त्याच वर्षी त्यातला बराच ऐवज यूएपीएत हलवला; २००८ मध्ये जामिनाचा दरवाजाही जवळपास बुजवला. २०१९ मध्ये संघटनाच काय, एकट्या माणसालाही दहशतवादी ठरवायची तरतूद आली, तेव्हा काँग्रेसचे वक्ते राज्यसभेत विरोधात बोलले आणि पक्षानं बाजूनं मत दिलं. या सगळ्यात तमिळनाडूचे वायको मात्र मला फार जवळचे वाटतात. त्यांचा पक्ष वाजपेयी सरकारात भागीदार, पोटाला पाठिंबा देणारा. कायदा झाला मार्चमध्ये. जुलैत जयललितांनी एका भाषणाबद्दल वायकोंनाच पोटाखाली उचललं. १९ महिने आत. वाघाला मत दिलं, आणि वाघानं मतदार ओळखला नाही.

सरकारचे स्वतःचे आकडे: २०१६ ते २०१९ या चार वर्षांत यूएपीएखाली ५,९२२ अटका, शिक्षा १३२ जणांना. खटले रेंगाळतात, हे मान्य. अटक आणि शिक्षा एकाच वर्षातली नसते, हेही मान्य. पण जामीन जवळपास मिळतच नसेल तर खटला रेंगाळणं हीच शिक्षा होते, आणि तिला पुरावा लागत नाही.

कसाबची होडी बघून घट्ट केलेला हा कायदा पुढं कुठवर गेला? स्ट्रॉपर्यंत. ऑक्टोबर २०२० मध्ये ८३ वर्षांच्या फादर स्टॅन स्वामींना एल्गार परिषद प्रकरणात अटक झाली. कंपवातानं हातात पेला धरवत नव्हता, म्हणून त्यांनी तळोजा तुरुंगात स्ट्रॉ आणि सिपर मागितला. एनआयएनं उत्तर द्यायला मुदत मागितली आणि तिला २० दिवस मिळाले. कायदा करायला २२ दिवस, स्ट्रॉवर विचार करायला २०. राष्ट्रीय सुरक्षेला काही गती नाही, असं कोण म्हणतं? जामिनाची वाट बघत जुलै २०२१ मध्ये ते मुंबईच्या रुग्णालयात वारले.

पहलगामनंतरही तेच. एप्रिल २०२५ मध्ये २६ माणसं मारली गेली, त्यांत डोंबिवली, पनवेल आणि पुण्याचे पर्यटक होते. लोकांचा संताप खरा होता, माझाही होता. मग मे महिन्यात पुण्यातल्या एका कॉलेजवयीन मुलीनं इन्स्टाग्रामवर कुणाची तरी पोस्ट पुढं ढकलली, चूक कळल्यावर काढली, माफीही मागितली. कॉलेजनं काढलं, पोलिसांनी पकडलं, येरवड्यात धाडलं, परीक्षा बुडाली. मुंबई उच्च न्यायालयानं सरकारला आणि कॉलेजला खडसावून तिची सुटका केली. त्या दिवसांत पहलगामचे हल्लेखोर हाती लागले नव्हते. मुलगी लागली होती. तिचा पत्ता कॉलेजच्या रजिस्टरमध्येच होता.

पुण्याचं नाव आलंच आहे तर पुणेकरांना एक जुनी गोष्ट सांगून घेतो. 'त्या वस्तीतले सगळेच तसले' हे वाक्य एके काळी सदाशिव-शनिवार पेठेबद्दल म्हटलं जायचं. जून १८९७ मध्ये गणेशखिंडीच्या रस्त्यावर प्लेग अधिकारी रँडवर गोळी झाडली गेली, आणि साहेबाच्या लेखी पुण्याचे ब्राह्मण ही एक संशयित जमात झाली. जादा पोलीस बसवले आणि खर्च पुणेकरांच्याच माथी मारला. नातू बंधूंना १८२७ च्या एका रेग्युलेशनखाली विनाखटला उचललं. खटला नाही, आरोपपत्र नाही, जामिनाचा प्रश्नच नाही. तेव्हाच्या मुंबईतही गोऱ्यांच्या क्लबात कुणीतरी म्हणालाच असणार, "काही केलं नसेल तर घाबरायचं कशाला?"

१९०८ मध्ये तर सगळा क्रम आजच्यासारखाच आहे. ३० एप्रिलला मुझफ्फरपूरला बॉम्ब पडला, दोन निरपराध बायका गेल्या. ८ जूनला सरकारनं एका दिवसात दोन कायदे केले, एक स्फोटकांचा, एक वर्तमानपत्रांचा. दुसऱ्या दिवशीच्या 'केसरी'त अग्रलेख आला, 'हे उपाय टिकाऊ नाहीत'. बॉम्बचं समर्थन न करताही सरकारच्या उपायांवर टीका करता येते, हे तेव्हाच्या प्राइम टाइमला पटलं नाही. टिळकांना २४ जूनला अटक, २२ जुलैला सहा वर्षांची शिक्षा, मंडाले. जलदगती न्यायालयं मागणाऱ्यांनी ही गती नोंदवून ठेवावी. त्यातला स्फोटकांचा कायदा आजही चालू आहे. ७/११ आणि मालेगाव, दोन्ही खटल्यांत त्याची कलमं होती. टिळकांचा पुतळा चौकाचौकात आहे. अग्रलेख कुणी वाचत असेल असं त्या चौकातल्या फलकांवरून वाटत नाही.

महाराष्ट्रानं नवा जनसुरक्षा कायदाही आणला आहे. कडव्या डाव्या संघटनांविरुद्ध म्हणून. सूचना-हरकती आल्या बारा हजारांहून अधिक. विधानसभेत उभं राहून विरोध केला तो माकपच्या विनोद निकोलेंनी, एकट्यानं. बाकीच्या विरोधकांना कायद्यातला धोका मुख्यतः बाहेर पत्रकार परिषदेत दिसला. विधान परिषदेनं तो मंजूर केला तो दिवस ११ जुलै २०२५, लोकलमधल्या स्फोटांना बरोबर १९ वर्षं. निकाल यायला दहा दिवस बाकी होते.

आता पत्रं येतील. दरवेळी येतात, आणि प्रश्न एकच असतो: "तुमच्या घरचं कुणी त्या डब्यात असतं तर?"

असतं तर मला पकडलेला माणूस हवा असता, आणि तो लवकर हवा असता. एटीएसनं सहा महिन्यांत तेरा चेहरे बुरखा घालून समोर उभे केले असते तर मी बुरख्याआड बघायला गेलो नसतो. फाशीची बातमी आली त्या रात्री मला गाढ झोप लागली असती. आणि २१ जुलैच्या सकाळी निकाल वाचून मी न्यायाधीशांना शिव्या घातल्या असत्या, मग दुपारी कधीतरी फोन उचलून एटीएसला विचारलं असतं की १९ वर्षं तुम्ही मला नेमकं कुणाच्या भरवशावर झोपवलंत.